घरात मृत्यू झाल्यावर: अंत्यसंस्काराची तयारी आणि दुःखातली सोबत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ज्यांच्या घरी आजच माणूस गेलं आहे, त्यांनी पहिले पाच-सहा प्रश्न वाचावेत आणि पान बंद करावं. बाकीचं नंतर लागेल. या दिवसांत अनेक कुटुंबांसोबत राहून एक गोष्ट सारखी दिसते. पहिल्या दोन दिवसांत माणसं थांबू शकणाऱ्या गोष्टी घाईघाईने उरकतात, आणि खरी सोबत लागते त्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यात घरी कोणी फिरकत नाही. खालची बरीचशी उत्तरं याच दोन गोष्टींभोवती फिरतात. कायद्याच्या तरतुदी देशागणिक बदलतात. तिथे तुमच्या डॉक्टरांचं आणि प्रशासनाचं सांगणं अंतिम समजा.

घरीच मृत्यू झाला आहे. सगळ्यात आधी काय करू?

मृत्यू झाला आहे याची खात्री नसेल, तर आधी रुग्णवाहिका बोलवा. बाकी सगळं त्यानंतर.

आजार जुना असेल आणि शेवट जवळ आल्याचं डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन करा. ते तपासून मृत्यूच्या कारणाचा दाखला देतात. तो दाखला हातात आल्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही, म्हणून त्यावरचं नाव, वय आणि वेळ तिथल्या तिथे तपासून घ्या. नावातली एका अक्षराची चूक पुढे बँकेत आणि वारसाच्या कागदांत महिनोन् महिने छळते.

मृत्यू अचानक झाला असेल, अपघात असेल किंवा आत्महत्येची शंका असेल, तर पोलिसांना कळवावंच लागतं. अशा वेळी खोलीतलं काही हलवू नका, औषधांच्या बाटल्या आवरू नका, फरशी पुसू नका. आवरासावर करायला हात शिवशिवतात, पण थांबा.

अपेक्षित मृत्यू असेल तर मात्र थोडं करण्यासारखं आहे. देह सरळ झोपवा, डोक्याखाली एक उशी ठेवा, डोळे हलकेच मिटून बोटांनी काही क्षण धरून ठेवा. हनुवटीखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली की तोंड मिटलेलं राहतं. हे लवकर करावं, कारण दोन ते सहा तासांत पापण्या आणि जबड्यापासून ताठरता येऊ लागते. बाराएक तासांत ती सगळ्या शरीरात पसरते आणि दीड-दोन दिवसांत आपोआप उतरते. देह हलवताना छातीतली हवा बाहेर पडून उसाशासारखा आवाज येऊ शकतो, लघवी होऊ शकते. घाबरू नका. खाली जाड चादर आधीच घालून ठेवा.

आणि मग थोडा वेळ नुसते बसा. डॉक्टर येऊन गेल्यानंतरचा अर्धा तास कोणाचाच नसतो. तो फोन करण्यात घालवायलाच हवा असं नाही.

मृतदेहाजवळ बसणं, हात लावणं धोक्याचं आहे का?

बहुतेक वेळा नाही. वार्धक्य, हृदयविकार, कर्करोग अशा कारणांनी गेलेल्या माणसाजवळ बसायला, कपाळावरून हात फिरवायला काहीच हरकत नाही. नंतर साबणाने हात धुतले की पुरे. मोठ्या नैसर्गिक आपत्तीनंतरसुद्धा मृतदेहांमुळे साथी पसरतात ही समजूत चुकीची असल्याचं जागतिक आरोग्य संघटना वारंवार सांगत आली आहे. इबोला किंवा कॉलऱ्यासारखे आजार हा अपवाद आहे. तिथे आरोग्य कर्मचारी सांगतील तसंच वागायचं.

पोस्टमॉर्टेमला नकार देता येतो का?

कायद्याने आवश्यक असेल तर सहसा नाही. आजाराचं नेमकं कारण समजावं म्हणून रुग्णालयाने स्वतःहून विचारलं असेल, तर मात्र तुमची संमती लागते आणि ‘नको’ म्हणण्याचा हक्क तुम्हाला आहे. तपासणीनंतर देह शिवून दिला जातो आणि कपडे घातल्यावर चेहऱ्याचं दर्शन घेता येतं. वेळ किती लागेल हे विचारून घ्या आणि ते कळल्याशिवाय अंत्यसंस्काराची वेळ जाहीर करू नका.

नेत्रदान, अवयवदान किंवा देहदान करायचं असेल तर?

घाई खरोखर लागते ती इथे. डोळ्यांचा पारपटल, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा (कॉर्निया), शक्यतो मृत्यूनंतर सहा तासांच्या आत काढावा लागतो. नेत्रपेढीला फोन करा, पंखा बंद करा, डोकं उशीवर थोडं उंच ठेवा आणि मिटलेल्या पापण्यांवर ओल्या कापसाचे बोळे ठेवा. चष्मा होता, मधुमेह होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं म्हणून बरेच जण फोनच करत नाहीत. यातल्या कशानेही नेत्रदान आपोआप बाद होत नाही. एचआयव्ही, कावीळ ब किंवा क, रेबीज, रक्ताचा कर्करोग अशा स्थितीत डोळे घेत नाहीत. तो निर्णय नेत्रपेढीवर सोडा, तुम्ही फक्त कळवा.

हृदय, यकृत, मूत्रपिंडं यांचं दान घरी झालेल्या मृत्यूनंतर होत नाही. त्यासाठी रुग्ण रुग्णालयात, बहुधा कृत्रिम श्वासोच्छ्वासावर असताना मेंदूमृत घोषित व्हावा लागतो. देहदानाबद्दल एक धोक्याची सूचना: पोस्टमॉर्टेम झालेला किंवा काही संसर्ग असलेला देह वैद्यकीय महाविद्यालयं सहसा स्वीकारत नाहीत. फॉर्म भरलेला असला तरी ऐनवेळी नकार येऊ शकतो, म्हणून दुसरी व्यवस्था मनात तयार ठेवा.

बाहेरगावचे लोक यायचे आहेत. किती थांबता येईल?

शीतपेटीत किंवा शवागारात, साधारण दोन ते चार अंश सेल्सिअस तापमानात, देह काही दिवस नीट राहतो. त्याहून जास्त थांबायचं असेल किंवा देह विमानाने न्यायचा असेल, तर रसायनं भरून तो टिकवण्याची प्रक्रिया करतात. परदेशातून आणताना वकिलातीची कागदपत्रंही लागतात.

पण कोणासाठी थांबायचं हे आधी ठरवा. लेक वाटेवर असेल तर थांबाच. शेवटचं तोंड पाहायला न मिळाल्याची सल पुष्कळ वर्षं राहते. दूरच्या नात्यातल्या प्रत्येकासाठी मात्र घरच्यांना ताटकळत ठेवू नये. त्यांना व्हिडिओ कॉलवर सामील करून घेता येतं. आधी विचारा, मगच कॅमेरा सुरू करा. काहींना तो नको असतो.

कोणाला, कसं आणि कधी कळवायचं?

आई-वडील, मुलं, भावंडं आणि अगदी जवळचे मित्र यांना फोनवर किंवा समोर बसून सांगा. बाकीच्यांना मेसेज. पण जवळच्यांचे फोन पूर्ण होईपर्यंत कोणत्याही ग्रुपवर काही टाकू नका. सख्ख्या बहिणीला भावाचं जाणं व्हॉट्सॲपच्या ‘भावपूर्ण श्रद्धांजली’वरून कळणं हा घाव टाळता येण्यासारखा असतो.

फोनवर सुरुवात साधी ठेवा: ‘वाईट बातमी आहे. बसून ऐक. बाबा आज पहाटे गेले.’ ‘तब्येत जरा जास्त आहे, लगेच निघ’ असं खोटं सांगून माणसाला गाडी चालवत बोलावू नका. ज्याला सांगायचं तो एकटा असेल तर आधी सोबत कोणाला तरी पाठवा आणि मगच सांगा.

मेसेज कुटुंबातल्या एकानेच लिहावा. पूर्ण नाव, मृत्यूचा दिवस, अंत्यसंस्काराचं ठिकाण आणि वेळ, संपर्कासाठी एक नंबर, एवढंच. तो नंबर घरातल्या सगळ्यात खचलेल्या माणसाचा नसावा. कारण लिहायचं की नाही हे घरच्यांनी ठरवायचं. अंत्ययात्रेच्या वेळी घरी कोणीतरी थांबेल असंही बघा. घर कधी रिकामं असणार हे सगळ्या जगाला कळवून झालेलं असतं.

दहन, दफन, की आणखी काही?

धर्म, कायदा आणि गेलेल्या माणसाची इच्छा या तिन्हींचा मेळ घालून हे ठरतं. ज्या गोष्टी आधी कोणी सांगत नाही तेवढ्या सांगते. यांत्रिक दाहिनीत तापमान साधारण आठशे ते हजार अंश सेल्सिअस असतं आणि दीड ते दोन तास लागतात. प्रौढ माणसाची रक्षा दोन ते तीन किलो भरते. रक्षाकलश पहिल्यांदा हातात घेताना तो इतका जड असेल असं कोणाला वाटलेलं नसतं. छातीत पेसमेकर असेल तर दहनाआधी सांगायलाच हवं, कारण त्याची बॅटरी उष्णतेने फुटते. तो डॉक्टर किंवा प्रशिक्षित कर्मचारी काढून देतात.

पाण्याच्या साहाय्याने विघटन करण्याची पद्धतही काही देशांत सुरू आहे. त्यात पाणी, अल्कली आणि उष्णता वापरतात आणि शेवटी हाडांचं चूर्ण उरतं. २०२१ च्या डिसेंबरमध्ये निधन झालेले दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या देहावर याच पद्धतीने संस्कार झाले.

इच्छा लिहून ठेवलेली नाही आणि घरात एकमत होत नाही. काय करावं?

भावंडं भांडतात ती बहुधा विधीवरून नाही, तर आपण कमी पडलो या भावनेतून. शेवटचे महिने ज्याने सेवा केली त्याला वाटतं, शब्द माझा चालला पाहिजे. जो लांब होता त्याला वाटतं, आता तरी मला काही करू द्या. दोघांचंही खरं असतं. हे ओळखून बोललं तर आवाज खाली येतो.

‘आपण काय करायचं?’ हा प्रश्न बाजूला ठेवा. ‘त्या स्वतः इथे असत्या तर काय म्हणाल्या असत्या?’ असं विचारा. कोणाच्या तरी अंत्यसंस्काराहून परत येताना त्या काहीतरी बोललेल्या असतात: ‘माझ्या वेळी एवढा गाजावाजा करू नका.’ असं वाक्य कोणालातरी आठवतंच, आणि लेखी कागद नसेल तेव्हा तेच प्रमाण मानावं.

कायद्याने अधिकार सहसा आधी जोडीदाराकडे, मग सज्ञान मुलांकडे, मग आई-वडिलांकडे असा जातो. तिथवर वेळ येऊ देऊ नये. ज्याचं म्हणणं मानलं गेलं नाही त्याला दुसरं एखादं काम पूर्णपणे सोपवा: श्रद्धांजलीचं भाषण, फोटोची निवड, रक्षेची जबाबदारी. समजूत घालण्यापुरतं दिलेलं काम त्याला लगेच ओळखू येतं, म्हणून खरंच सोपवा आणि मग त्यात लुडबुड करू नका.

खर्चाचं बोलायला संकोच वाटतो.

संकोच बाजूला ठेवा. बाबवार लेखी अंदाज मागा आणि ‘यातलं काय टाळता येईल?’ हा प्रश्न हमखास विचारा. हे काम अशा नातेवाइकाकडे द्या जो दुःखात आहे पण कोलमडलेला नाही. गेलेल्या माणसावरचं प्रेम खर्चातून सिद्ध करायचं नसतं, आणि तसं सुचवणाऱ्या माणसाकडून सेवा घेऊ नये. मृत व्यक्तीचं खातं बँक बरेचदा गोठवते, तेव्हा पहिल्या आठवड्याचे पैसे दुसऱ्या कोणाच्या खात्यातून उभे करावे लागतील हे गृहीत धरा.

निरोपाच्या वेळी चार शब्द बोलायला सांगितलं आहे. काय बोलू?

चार मिनिटं बोला. ती साधारण चारशे शब्दांत होतात. सगळं आयुष्य सांगायला जाऊ नका. एक गुण निवडा आणि तो दिसेल असा एक प्रसंग.

‘बाबा फार प्रेमळ होते, सगळ्यांची काळजी घ्यायचे’ हे वाक्य कोणाच्याही वडिलांबद्दल म्हणता येतं. ‘आमच्यापैकी कोणी बाहेर असलं की बाबा दारावरचा दिवा मालवत नसत. रात्री एक वाजता आलो तरी दिवा चालू, आणि आत शिरलो की त्यांच्या खोलीतून फक्त खोकल्याचा आवाज. पोचलास ना, याची पावती तेवढीच.’ हे फक्त त्यांच्याबद्दलच असतं. ऐकणाऱ्यांतल्या प्रत्येकाला स्वतःजवळचा एक असा दिवा आठवतो.

मोठ्या अक्षरात, कागदावर लिहून आणा. फोनचा पडदा ऐनवेळी काळा होतो. आवाज भरून आला तर थांबा, पाणी प्या, पुन्हा सुरू करा. कोणालाही घाई नसते. कागदाची दुसरी प्रत एका विश्वासू माणसाकडे द्या, तुम्हाला जमलंच नाही तर तो वाचेल. स्वभावाचे कोपरे बोचरे होते अशा माणसाबद्दल बोलताना संतपद बहाल करू नका. ‘त्यांच्याशी जमवून घेणं सोपं नव्हतं’ एवढं प्रेमाने म्हटलं तरी समोर बसलेल्या किती जणांना मोकळं वाटतं.

लहान मुलांना कसं सांगायचं? अंत्यसंस्काराला न्यावं का?

खरं सांगावं, सोप्या शब्दांत, आणि लवकर. ‘आजी मेली. मेली म्हणजे तिचं शरीर काम करायचं थांबलं. तिला आता दुखत नाही, भूक लागत नाही, आणि ती परत येणार नाही.’ मोठ्यांना हे कठोर वाटतं. पण ‘आजी झोपली’ असं ऐकलेलं मूल रात्री झोपायला घाबरतं, आणि ‘लांबच्या प्रवासाला गेली’ असं ऐकलेलं मूल दाराकडे बघत बसतं, वर न सांगता गेल्याबद्दल आजीवर रागावतं. ‘देवाला आवडली म्हणून नेलं’ हे ऐकून, देवाला आवडू नये म्हणून मुद्दाम खोड्या करणारी मुलंही असतात.

साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान मुलांना उमगू लागतं की मेलेलं माणूस परत येत नाही, त्याचं शरीर चालत नाही आणि हे सगळ्यांच्या बाबतीत होतं. त्याआधी तोच प्रश्न दिवसातून दहादा येईल. दहाही वेळा तेच उत्तर त्याच शब्दांत द्या. मूल पाच मिनिटं रडेल आणि लगेच खेळायला पळेल. त्याचं दुःख थोडं थोडं असंच बाहेर येतं, म्हणून ‘याला काही वाटतच नाही’ असा अर्थ काढू नका. एक वाक्य मात्र न विचारता सांगा: ‘हे तुझ्यामुळे झालेलं नाही.’ रागाच्या भरात ‘तू मर’ असं म्हणून गेलेल्या मुलाला त्या वाक्याची फार गरज असते आणि ते कधीच विचारत नाही.

न्यायचं की नाही हे मुलालाच विचारा. पण आधी तिथे काय दिसेल ते सांगा: खूप माणसं असतील, मोठी माणसं रडतील, बाबाही रडेल, आजी हलणार नाही आणि तिचा हात गार लागेल. सोबत असा एक मोठा माणूस द्या, जो स्वतःच्या दुःखात बुडालेला नाही आणि मुलाने ‘चल’ म्हणताच बाहेर पडेल. पाया पडायची, हात लावायची बळजबरी नको. यायचं नसेल तर घरी एक चित्र काढून ते सोबत ठेवायला देता येतं.

कागदपत्रांची कामं कधी सुरू करायची?

मृत्यूची नोंद मुदतीत करा आणि दाखल्याच्या भरपूर प्रती घ्या. प्रत्येक ठिकाणी मूळ किंवा प्रमाणित प्रत मागतात. पेन्शन चालू असेल तर कळवायला उशीर करू नका, जास्तीची जमा झालेली रक्कम परत द्यावी लागते. विमा, बँक, मालमत्ता ही कामं काही आठवडे थांबू शकतात.

एटीएम कार्डाचा पिन माहीत आहे म्हणून मृत्यूनंतर त्या खात्यातून पैसे काढू नका. हेतू कितीही चांगला असला तरी इतर वारसांसमोर त्याचं उत्तर देणं जड जातं. आणि त्यांचा मोबाइल नंबर लगेच बंद करू नका. बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. त्याच फोनमध्ये त्यांच्या आवाजातले मेसेज असतात. ते आधी दुसरीकडे उतरवून घ्या. आज ऐकवणार नाहीत, पुढे शोधाल.

दुःखाचे पाच टप्पे असतात म्हणे. मी कोणत्या टप्प्यावर आहे?

कोणत्याच नाही, आणि तुमचं काही चुकलेलं नाही. नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार हे ते पाच टप्पे. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते मांडले ते स्वतःचं मरण समोर दिसणाऱ्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते नंतर चिकटवले गेले. दुःख असं इयत्ता पास करत पुढे जात नाही.

अनुभवाशी जास्त जुळतं ते मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या शोकाच्या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलेलं म्हणणं. माणूस दोन बाजूंमध्ये येरझाऱ्या घालतो. एका बाजूला गेलेल्याची आठवण, रडू, फोटो. दुसऱ्या बाजूला वीजबिल, मुलांची शाळा, अधूनमधून चक्क हसू. दोन्हींची गरज असते. सकाळी रडून दुपारी मालिका बघितली म्हणून स्वतःला बोल लावणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं.

रडूच येत नाही, घसा आवळतो, त्यांचा आवाज ऐकू येतो. मला वेड लागलंय का?

नाही. बॉस्टनमध्ये १९४२ साली एका नाइटक्लबला भीषण आग लागली. त्यात माणसं गमावलेल्यांना एरिक लिंडेमन या मनोविकारतज्ज्ञाने तपासलं. त्याने नोंदवलेल्या गोष्टी आजही तशाच ऐकायला मिळतात: वीस मिनिटं ते तासभर टिकणाऱ्या लाटा, आवळलेला घसा, पुरा न पडणारा श्वास, सारखे उसासे, पोटात पोकळी, हातापायांतून गेलेलं बळ. लाट ओसरते. पुढची येते, तीही ओसरते.

पायरव ऐकू येणं, बाजूला कोणी बसल्यासारखं वाटणं हेही नेहमीचं. डेवी रीस या वेल्समधल्या डॉक्टरने १९७१ मध्ये जोडीदार गेलेल्या जवळपास तीनशे जणांना विचारलं, तेव्हा निम्म्याच्या आसपास लोकांनी असे अनुभव सांगितले, आणि बहुतेकांनी ते तोवर कोणालाच सांगितले नव्हते. न रडणंही चालतं. काहींचं रडू महिन्यांनी, भलत्याच गोष्टीवर फुटतं.

छातीत दुखलं किंवा धाप लागली तर मात्र ‘दुःखाने होतंय’ म्हणून घरी बसू नका. तीव्र धक्क्याने हृदयाचा स्नायू तात्पुरता दुबळा होण्याचा विकार खरा आहे. १९९० मध्ये जपानी डॉक्टरांनी त्याचं वर्णन करून त्याला ताकोत्सुबो हे नाव दिलं, आणि पाळी गेलेल्या स्त्रियांत तो जास्त दिसतो. हृदयविकाराचा झटका आणि हा विकार यांतला फरक रुग्णालयातच कळतो.

भेटायला जायचं आहे. काय बोलू?

जा. शब्द सापडत नाहीत म्हणून न जाणाऱ्यांची नावं कुटुंबाच्या लक्षात राहतात.

‘मला काय बोलावं सुचत नाही, पण मी आले’ हे पुरेसं आहे. गेलेल्या माणसाचं नाव घ्या. आपण नाव घेतलं की त्यांना आठवण होईल असं आपल्याला वाटतं. ते विसरलेलेच नसतात. एखादी छोटी आठवण सांगा, शक्यतो त्यांना माहीत नसलेली. ‘ऑफिसात नवीन होतो तेव्हा काकांनी पहिल्या दिवशी माझ्याजवळ खुर्ची ओढून काम शिकवलं होतं.’ अशा गोष्टी घरचे नंतर पुन्हा पुन्हा काढून बोलतात.

‘कसं झालं?’ हे विचारू नका. दार उघडणारी सून ती कहाणी सकाळपासून प्रत्येक पाहुण्याला सांगत असते: रात्री दोनला उठले, पाणी मागितलं, मग... प्रत्येक वेळी तिला त्या खोलीत परत जावं लागतं. तिला सांगायचं असेल तर ती सांगेल, तेव्हा मध्ये न बोलता ऐका. ‘दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला हवं होतं’ हे तर कधीच, कोणाच्याही तोंडून येऊ नये.

‘निदान’ने सुरू होणारी सगळी वाक्यं गिळा: निदान हाल झाले नाहीत, निदान नातवंडं बघितली, निदान अजून एक मूल आहे. ‘खंबीर राहा, आता तुलाच सगळं बघायचंय’ हेही नको. जो आधीच दबलेला आहे त्याच्या डोक्यावर आणखी एक ओझं कशाला?

‘काही लागलं तर सांग’ असं आपण मनापासून म्हणतो, पण त्यात मागण्याचं काम दुःखात असलेल्यावरच पडतं. त्याऐवजी नेमकं बोला. ‘मंगळवारी आणि गुरुवारी रात्रीचं जेवण मी आणीन. भांडी परत द्यायची नाहीत.’ ‘मुलांना शाळेतून मी आणते.’ ‘बँकेत जाशील तेव्हा मी सोबत येतो, रांगेत मी उभा राहीन.’ आणि मग उठा. पंधरा-वीस मिनिटं पुष्कळ झाली.

काही महिन्यांनी फोन केला तर जखम उघडी करण्यासारखं होईल का?

उलट आहे. तोपर्यंत पाहुणे गेलेले असतात, कागदपत्रं संपत आलेली असतात आणि घर शांत झालेलं असतं. आजच कॅलेंडरमध्ये चार तारखा घाला: त्यांचा वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, पहिला मोठा सण, वर्ष पूर्ण होण्याचा दिवस. त्या दिवशी एक ओळ पाठवा: ‘आज त्यांची आठवण आली. उत्तर द्यायला नको.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, त्यामुळे उत्तराचं दडपण राहत नाही.

संध्याकाळची वेळ अनेकांना सगळ्यात कठीण जाते, विशेषतः चाळीस वर्षं जोडीने राहिलेल्यांना. आठवड्यातून एकदा त्या वेळी फोन करा किंवा फिरायला सोबत न्या. समोरासमोर बसून जे बोलता येत नाही ते शेजारी चालताना बोललं जातं.

ज्या दुःखाला कोणी दुःखच मानत नाही, त्याचं काय?

गर्भपात, पोटातच गेलेलं बाळ, घटस्फोट झालेला नवरा, ज्याच्याशी असलेलं नातं घरी माहीतच नव्हतं असा जोडीदार. इथे शोक असतो, पण भेटायला कोणी येत नाही आणि रजाही मिळत नाही. केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा शोकाकडे लक्ष वेधलं. अशा माणसाला भेटाल तेव्हा ‘पुन्हा होईल गं बाळ’ म्हणू नका. बाळाला नाव ठेवलं होतं का विचारा, आणि ठेवलं असेल तर त्या नावाने बोला.

आत्महत्येने माणूस गेलं असेल तर घरच्यांना ‘का?’ हा प्रश्न आधीच पोखरत असतो. तुम्ही तो विचारू नका. त्या माणसाच्या शेवटच्या दिवसाऐवजी आधीच्या सगळ्या वर्षांबद्दल बोला.

आणि देह सापडलाच नाही, माणूस बेपत्ताच राहिलं, अशांना ‘आता मान्य कर’ असं सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांसोबत काम करताना पॉलीन बॉस या अभ्यासिकेला दिसलं की आशा आणि शोक दोन्ही एकाच वेळी बाळगून माणसं जगू शकतात.

कपडे, वस्तू कधी आवरायच्या?

तुम्हाला वाटेल तेव्हा. दुसऱ्या कोणी तुमच्या माघारी ‘तुला त्रास नको म्हणून’ कपाट रिकामं करू नये, हे घरात आधीच सांगून ठेवा. सुरुवात कराल तेव्हा ‘आत्ता ठरवायचं नाही’ असं लिहिलेलं एक खोकं जवळ असू द्या. चष्मा बहुधा त्यातच जातो.

तज्ज्ञांची मदत कधी घ्यावी?

तीव्र तळमळ रोजच्या रोज तशीच राहिली, माणूस गेलं हे मनाने घेतलंच नाही, काम, झोप, नाती सगळं ठप्प झालं, आणि काळ जाऊनही काहीच सैल झालं नाही, तर घ्यावी. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकाची स्वतंत्र नोंद आहे आणि किमान सहा महिन्यांची अट आहे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निकषांत प्रौढांसाठी ती बारा महिन्यांची आहे. पण मदत घ्यायला या मुदती पूर्ण व्हायची वाट पाहायची नसते. त्या निदानासाठी आहेत. अशा शोकासाठी वेगळी समुपदेशन पद्धत असते. नैराश्याच्या गोळ्यांनीच तो जाईल असं धरून चालू नका.

‘मलाही त्यांच्याकडे जायचंय’ असं कोणी म्हणालं तर ते बोलण्याच्या ओघात सोडून देऊ नका. सरळ विचारा: ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर एकटं सोडू नका, औषधं आणि कीटकनाशकं घरातून हलवा, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे किंवा हेल्पलाइनपर्यंत पोचा.

माझ्या माघारी घरच्यांची ओढाताण नको. काय लिहून ठेवू?

एक पानभर पुरे. दहन की दफन की देहदान, कोणते विधी हवेत आणि कोणते नकोत, कोणाला आवर्जून कळवायचं, निर्णय कोणी घ्यायचे, विमा आणि खाती कुठे आहेत, फोन कसा उघडायचा. मृत्यूनंतर आपली खाती कोणी हाताळायची हे गुगल, ॲपल आणि फेसबुक या तिन्हींच्या सेटिंगमध्ये आधी ठरवून ठेवता येतं. तेही करून टाका. शेवटी ‘परिस्थितीनुसार यातलं काही बदलावं लागलं तर बदला, माझी हरकत नाही’ हे वाक्य लिहा. ते नसेल तर मुलं न पेलणारी इच्छाही ओढत नेतात.

हे पान फक्त मृत्युपत्रात किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका; ते बहुधा अंत्यसंस्कारानंतरच उघडलं जातं. घरात, सहज सापडेल अशा फायलीत ठेवा, दोन माणसांना जागा दाखवा आणि वर्षातून एकदा त्यातले फोन नंबर तपासा.